धाग्याचा कितवा दिवस? कापसाच्या पेशीभित्तिकेतल्या एन्झाइमांची जनुकं अभ्यासताना

दरवर्षी जूनमध्ये एखादी तरी विद्यार्थिनी येते आणि म्हणते, "मॅडम, मला सेल्युलोज सिंथेजच्या जनुकावर प्रोजेक्ट करायचाय." मी विचारते, "कितव्या दिवसाच्या तंतूतलं?" ती गोंधळते. जनुक म्हणजे जनुक, त्याला दिवस कसला, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं.

हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं लांबलेलं उत्तर. पुण्यात राहून, गच्चीवरच्या चार कुंड्या, कॉलेजचा मायक्रोस्कोप आणि इंटरनेट एवढ्या भांडवलावर कुठवर जाता येतं आणि पुढे प्रयोगशाळेत शिरताना काय सांभाळायचं, ते क्रमानं सांगते. डोळ्यांसमोर बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाची आणि एमएस्सीची मुलं आहेत. पण हौसेनं कापूस लावणाऱ्या कुणालाही पहिल्या दोन पायऱ्या घरीच करता येतील.

आधी ही पेशी ओळखा

गणपतीसाठी वस्त्रमाळ करताना बोटांत येणारा कापसाचा प्रत्येक तंतू ही एकच पेशी असते. बीजांडाच्या, म्हणजे पुढे ज्याची सरकी होते त्या इवल्या दाण्याच्या, सर्वांत बाहेरच्या थरातल्या साधारण चार पेशींमागे एक पेशी फूल उमलायच्या सुमारास फुगून वर येते आणि लांबत जाते. ती विभागत नाही, तिला फांद्या फुटत नाहीत. अमेरिकन कापसात (गॉसिपियम हिर्सुटम, आपल्याकडचा जवळजवळ सगळा बीटी कापूस याच जातीचा) ती २५ ते ३० मिलिमीटरपर्यंत जाते. रुंदी मात्र मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्श्याहूनही कमी. ऐन भरात असताना ही पेशी दिवसाला दोन मिलिमीटर वाढते.

आता अडचण बघा. पेशीच्या आत पाण्याचा दाब आहे आणि बाहेर भिंत. भिंत कडक असेल तर पेशी वाढणार नाही आणि फार सैल झाली तर फुटेल. एन्झाइमांचं, म्हणजे पाठ्यपुस्तकातल्या विकरांचं, सगळं काम या दोन टोकांमध्ये चालतं. पहिले वीसेक दिवस भिंत सैल करणाऱ्यांची चलती असते, नंतर भिंत भरणाऱ्यांची. या पाळ्या लक्षात आल्या की पुढचं सगळं सोपं जातं, म्हणून इथे थोडी जास्त थांबते.

फूल उमलतं तो दिवस शून्य. तिथून तिसऱ्या दिवसापर्यंत फुगवटे येतात. या टप्प्यावर सुक्रोज सिंथेज हे एन्झाइम फार महत्त्वाचं. पानातून आलेली साखर ते फोडतं आणि त्यातून यूडीपी-ग्लुकोज तयार होतं, म्हणजे सेल्युलोजचा कच्चा माल. २००३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी कापसात याचं जनुक दाबून पाहिलं, तेव्हा तंतूंची सुरुवातच खुंटली.

तिसऱ्या दिवसापासून विसाव्यापर्यंत लांबी. या काळातली भिंत पातळ असते. तिला प्राथमिक भित्तिका म्हणतात. तिच्यात सेल्युलोज असतं, पण अल्पमतात. पेक्टिन आणि झायलोग्लुकॅन या दुसऱ्या दोन शर्करा-साखळ्या भरपूर. झायलोग्लुकॅनच्या लांब साखळ्या सेल्युलोजच्या दोऱ्यांना बिलगून असतात. एक्सटीएच नावाच्या कुळातली एन्झाइमं या साखळ्या कापतात आणि कापलेलं टोक दुसऱ्या साखळीला जोडतात. बाजेची सुंभ एका बाजूनं सोडून दुसरीकडे बांधावी, तशी बाज वाढते पण उसवत नाही. शेजारी एक्सपान्सिन असतं. १९९२ मध्ये पेनसिल्वेनियातल्या डॅनियल कॉसग्रोव्ह यांच्या प्रयोगशाळेत काकडीच्या रोपांतून ते सापडलं. ते काहीच कापत नाही, दोन साखळ्यांची एकमेकींवरची पकड फक्त ढिली करतं. म्हणून त्याला काटेकोर अर्थानं एन्झाइम म्हणू नका. तोंडी परीक्षेत इथे हमखास अडकवतात.

पेक्टिनकडेही दोघे कामाला असतात. पेक्टिन मिथाइलएस्टरेज पेक्टिनवरचे मिथाइल गट काढतं. तिथे कॅल्शियम येऊन बसलं की भिंत घट्ट होते. उलट पेक्टेट लायेज तेच पेक्टिन तोडतं. त्यामुळे 'पेक्टिनचं एन्झाइम वाढलं म्हणजे भिंत सैल झाली' असं सरधोपट विधान करता येत नाही.

या लांबीच्या काळातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे दारं बंद होणं. तंतूची पेशी शेजारच्या पेशींशी बारीक नळ्यांनी जोडलेली असते. साधारण दहाव्या ते सोळाव्या दिवसादरम्यान या नळ्यांच्या तोंडाशी कॅलोज हा शर्करायुक्त पदार्थ साचतो, दारं मिटतात आणि आतला दाब वाढतो. नंतर बीटा-१,३-ग्लुकॅनेज कॅलोज विरघळवतं आणि दारं उघडतात. दारं किती दिवस बंद राहतात यावर लांबीचा काही भाग अवलंबून असतो. म्हणजे कॅलोज घालणारं एक जनुक आणि काढणारं दुसरं, आणि तंतूची लांबी या दोघांच्या मधल्या दिवसांत दडलेली.

सोळाव्या ते विसाव्या दिवसाच्या आसपास रोख बदलतो. लांबी मंदावते आणि आतून दुसरी भिंत चढू लागते. ही जवळजवळ शुद्ध सेल्युलोजची. चाळीस-पंचेचाळीस दिवसांपर्यंत थरावर थर बसतात. पिकलेल्या तंतूत वजनाच्या नव्वद टक्क्यांहून जास्त सेल्युलोज निघतं ते यामुळे. इथे राज्य सेल्युलोज सिंथेजचं, थोडक्यात सेसा. ही प्रथिनं पेशीच्या पटलात सहा पाकळ्यांच्या फुलासारखी गट करून बसतात आणि सरकत सरकत सेल्युलोजचा दोरा विणतात. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या रोपट्यात प्राथमिक भिंतीसाठी सेसा १, ३ आणि ६, तर दुसऱ्या भिंतीसाठी ४, ७ आणि ८ असे दोन वेगळे चमू आहेत. कापसातही तेच.

बाजारातल्या भाषेत, पहिला टप्पा 'धागा लांब' आहे की नाही ते ठरवतो, दुसरा ठरवतो मायक्रोनेअर, म्हणजे तंतू किती जाड आणि भरलेला आहे त्याचा आकडा. भिंत भरलीच नाही तर तंतू चपटा, पोकळ राहतो, रंग नीट घेत नाही आणि सुतात गाठी करतो. मुंबईत माटुंग्याला कापसाच्या तंतूंची शास्त्रीय तपासणी १९२४ पासून होत आली आहे. तिथे मोजले जाणारे आकडे शेवटी याच दोन टप्प्यांतल्या जनुकांपर्यंत येऊन पोचतात.

पायरी १: झाड

पहिल्या प्रोजेक्टसाठी बीटी कापूस घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. बीटी जनुकाचा धाग्याशी संबंध नाही, ते बोंडअळीसाठी आहे. माझी अडचण वेगळीच. अमेरिकन कापूस चतुर्गुणित असतो, त्याच्यात ५२ गुणसूत्रं असतात. दोन पूर्वजांचे दोन संच एकत्र आल्यामुळे जवळजवळ प्रत्येक जनुकाच्या दोन जुळ्या प्रती असतात आणि त्या वेगळ्या मोजताना नवख्याचा घाम निघतो. देशी कापसात (गॉसिपियम आर्बोरियम) २६ गुणसूत्रं, एकच संच. धागा आखूड असतो, पण आपल्याला काही मांजरपाट विणायचं नाही.

पुण्यात जुन्या वाड्यांच्या परसात आणि बंगल्यांच्या कुंपणालगत वातींसाठी लावलेला देवकापूस अजून दिसतो. बी तिथून मिळेल, पण जात तपासून घ्या, कारण देवकापूस या नावाखाली एकाहून जास्त जाती नांदतात. कळीभोवतीची तीन पानांसारखी छदं बघा. कडा जवळपास अखंड किंवा टोकाशी तीन-चार दाते असतील तर देशी. लांब, टोकदार दहा-पंधरा दाते असतील तर तो बहुधा गॉसिपियम बार्बाडेन्स. त्याची सरकीही बरीचशी नागडी, काळी असते. तोही ५२ गुणसूत्रांचाच, म्हणजे जी कटकट टाळायची ती परत दारात.

सरकीवरची लव पाणी लवकर आत जाऊ देत नाही. शेतकरी शेणमातीत चोळून घेतात, तसंच करा. गंधकाम्लानं लव काढायची पद्धत असते, ती घरी नको. पंधरा-वीस लिटरची कुंडी, खाली निचरा, दिवसभर ऊन. पिठ्या ढेकूण आणि तुडतुडे येणारच. निंबोळी अर्क मारा, पण नमुना घ्यायच्या आठवड्यात काहीच मारू नका.

पेरणी जूनमध्येच. हे मी हट्टानं सांगते. कापसाला फुलं यायला साधारण दोन महिने लागतात आणि फुलापासून बोंड फुटायला आणखी पन्नासेक दिवस. सप्टेंबरात पेरलंत तर बोंडं पुण्याच्या थंडीत सापडतात. रात्रीचं तापमान वीस अंशांच्या बऱ्याच खाली गेलं की सेल्युलोज भरायचा वेग मंदावतो. मग तुमच्या डिसेंबरातल्या विसाव्या दिवसाचा तंतू आतून पंधराव्या दिवसाचा असतो आणि तुमचा आलेख दुसऱ्या कुणाच्याही आलेखाशी जुळत नाही.

पायरी २: लोकर

सगळ्या प्रोजेक्टचा पाया ही पायरी आहे आणि तिला खर्च येतो पन्नास-शंभर रुपये. तुळशीबागेतून सात रंगांची लोकर आणा. सोमवारी उमललेल्या फुलाच्या देठाला लाल, मंगळवारी पिवळी, असं ठरवून घ्या. सकाळी आठ-नऊच्या सुमारास झाडापाशी जायचं. आजचं फूल ताज्या रंगाचं आणि उघडं असतं, कालचं कोमेजून गुलाबी-तांबूस पडलेलं. अमेरिकन कापसात हा फरक दुरूनही कळतो. फक्त आजच्या फुलालाच लोकर बांधायची. कालचं राहून गेलं असेल तर सोडून द्यायचं, अंदाजानं बांधायचं नाही.

रंग आठवड्यानं परत येतो, म्हणून लोकरीबरोबर वहीत तारीख, झाड आणि फांदी लिहायची. मी माझ्या पहिल्या वर्षी लोकर बांधली नव्हती. कागदी चिठ्ठ्या लावल्या होत्या आणि त्यावर बॉलपेननं लिहिलं होतं. ऑगस्टच्या भुरभुर पावसात आठ दिवसांत चाळीस बोंडं बेवारस झाली. त्यांच्याकडे बघून दिवस ओळखायचा मी खूप प्रयत्न केला. दहाव्या आणि पंधराव्या दिवसाच्या बोंडात बाहेरून भरवशाचा फरक दिसत नाही, एवढंच त्यातून शिकले.

नमुने निदान सहा दिवसांचे हवेत: ०, ५, १०, १५, २० आणि २५. प्रत्येक दिवसासाठी तीन वेगवेगळ्या झाडांची बोंडं. एकाच बोंडाचे तीन तुकडे म्हणजे तीन नमुने नव्हेत. ही चूक इतकी सर्रास होते की मी आता प्रोजेक्टची वही उघडली की आधी हेच पान बघते.

पायरी ३: जनुकांच्या आधी डोळ्यांनी

मुलांना थेट जनुकांवर उडी मारायची घाई असते. पण तंतू कुठल्या टप्प्यावर आहे हे तुम्ही स्वतः पाहिलं नसेल तर पुढचे आकडे कशाशी ताडणार?

शून्य दिवसाचं बीजांड सुईनं काढून टॉल्युइडीन ब्लूच्या अगदी फिकट द्रावणात बुडवा आणि धुवा. कमी भिंगाखाली पृष्ठभागावर दवाचे थेंब बसल्यासारखे फुगवटे दिसतील. पाचव्या दिवसानंतर लांबी मोजता येते. बीजांडं खूप विरल हायड्रोक्लोरिक आम्लात काही मिनिटं उकळली की गुंता सुटतो. मग ती उपड्या वॉचग्लासवर ठेवून पाण्याच्या बारीक धारेनं तंतू पसरवायचे आणि पट्टीनं मोजायचे. दिवसांविरुद्ध लांबीचा हा आलेख तुमचा पहिला खरा निकाल. तो कुठे आडवा होतो ते बघा. तुमच्या झाडापुरता लांबीचा काळ तिथे संपला. जातीनुसार आणि हवेनुसार हे दोन-चार दिवस मागेपुढे होतं, त्यामुळे पाठ्यपुस्तकातला आकडा उसना घेऊ नका.

भिंत भरली का हे पाहायला कापड उद्योगातली जुनी पद्धत आहे: १८ टक्के कॉस्टिक सोड्यात तंतू बुडवायचे. भरलेली भिंत फुगून तंतू काठीसारखा गोल दिसतो, रिकामा तंतू पट्टीसारखा चपटाच राहतो. हातमोजे आणि चष्मा घालून, लॅबमध्येच. कॉलेजात ध्रुवीकरणाचा मायक्रोस्कोप नसेल तर एक जुगाड सांगते. लॅपटॉपच्या एलसीडी पडद्यातून येणारा प्रकाश ध्रुवितच असतो. पडद्यावर पांढरं पान उघडा, त्यावर स्लाइड धरा आणि पोलराइज्ड गॉगलच्या काचेतून बघत काच फिरवा. पार्श्वभूमी काळी झाली की पिकलेल्या कापसाचे तंतू चमकू लागतात, कारण त्यातले सेल्युलोजचे दोरे शिस्तीत लागलेले असतात. दहाव्या दिवसाचे तंतू तसे चमकत नाहीत.

पेक्टिनसाठी रुथेनियम रेड. कोवळे तंतू गुलाबी-लाल होतात.

जाता जाता मंडईतून अंबाडीची एक जुडी आणा. भाजी घरी द्या आणि खोडाचा खालचा जून भाग कॉलेजात न्या. पातळ आडवा छेद, फ्लोरोग्लुसिनॉल आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल. लिग्निन (लाकूड कडक करणारा पदार्थ) असेल तिथे चेरीसारखा लाल रंग चढतो. शेजारी कापूस ठेवा, तो पांढराच राहतो. अंबाडी आणि ताग यांच्या खोडातल्या तंतूंना लिग्निन घडवणाऱ्या एन्झाइमांची, म्हणजे पाल, सीसीआर, कॅड या मंडळींची साथ असते. कापसाच्या तंतूला ती जवळजवळ नसते. जवसाची गोष्ट आणखी वेगळी. त्याच्या तंतूत भिंत आधी गॅलॅक्टॅनयुक्त आणि सैलसर बसते आणि मग बीटा-गॅलॅक्टोसिडेज तिला आवळून घेतं. हे एन्झाइम कमी केलेल्या जवसात तंतूची भिंत पक्की होत नाही, हे २०११ मध्ये दाखवलं गेलं. 'वनस्पती तंतू' असा मोघम विषय घेणाऱ्यांनी हे आधी वाचावं. प्रत्येक झाडाचा कारखाना वेगळा आहे.

पायरी ४: संगणकावर जनुकांची यादी

फुलं यायला दोन महिने आहेत, तो वेळ इथे घाला.

सुरुवात अरॅबिडॉप्सिसपासून करा, कारण तिथली नावं पक्की आहेत. सेसाची १० जनुकं, एक्सटीएचची ३३, अल्फा एक्सपान्सिनची २६. सगळी घेऊन बसू नका, एका प्रोजेक्टला चार कुळं पुष्कळ झाली. माझी शिफारस अशी: लांबीच्या काळासाठी एक्सटीएच आणि एक्सपान्सिन, भरणीच्या काळासाठी दुसऱ्या भिंतीचे सेसा आणि या दोन्हींमधला दुवा म्हणून सुक्रोज सिंथेज.

टेअर या संकेतस्थळावरून अरॅबिडॉप्सिसच्या प्रथिनांचे क्रम उतरवून घ्या आणि कॉटनजेन किंवा फायटोझोमवर कापसाच्या जीनोमविरुद्ध, म्हणजे त्याच्या संपूर्ण जनुकसंचाविरुद्ध, ब्लास्ट (सारखे क्रम शोधणारा प्रोग्रॅम) चालवा. कापसाच्या दूरच्या नातलगाचा, गॉसिपियम रायमोंडायचा, जीनोम २०१२ मध्ये आला, देशी कापसाचा २०१४ मध्ये आणि अमेरिकन कापसाचा २०१५ मध्ये. नंतर सुधारित आवृत्त्या आल्या आहेत. कुठली आवृत्ती वापरली ते वहीत लिहा, कारण जनुकांचे क्रमांक आवृत्तीप्रमाणे बदलतात.

ब्लास्टनं दिलेली यादी म्हणजे लग्नाला आलेले सगळे पाहुणे. त्यातले घरचे कोण ते ओळखायचंय. सेसासाठी प्रथिनात, अमिनो आम्लांच्या अक्षरांत, तीन ठरावीक डी आणि पुढे क्यू-एक्स-एक्स-आर-डब्ल्यू ही खूण हवीच, पण ती सेल्युलोज सिंथेजसारख्या दिसणाऱ्या सीएसएल कुळातही असते. फरक सुरुवातीच्या टोकाला आहे. खऱ्या सेसात तिथे जस्त धरणारा भाग असतो. इंटरप्रो या संकेतस्थळावर क्रम टाकला की तो दिसतो. एक्सटीएचची उत्प्रेरक खूण डी-ई-आय-डी-एफ-ई-एफ-एल-जी, एखाद्या अक्षराच्या फरकानं. कॅझी या एन्झाइमांच्या वर्गीकरणात एक्सटीएच जीएच-१६ मध्ये, सेसा जीटी-२ मध्ये, पेक्टिन मिथाइलएस्टरेज सीई-८ मध्ये आणि पेक्टेट लायेज पीएल-१ मध्ये बसतं.

आता एक सापळा. वनस्पतींमधली सेल्युलोज सिंथेजची जनुकं पहिल्यांदा ओळखली गेली ती कापसाच्या तंतूतूनच, १९९६ मध्ये. त्या कामात डेबोरा डेल्मर होत्या. त्या दोन जनुकांना साहजिकच एक आणि दोन असे क्रमांक मिळाले. पण ती आहेत दुसऱ्या भिंतीची, आणि अरॅबिडॉप्सिसमधला सेसा १ आहे प्राथमिक भिंतीचा. जुन्या शोधनिबंधातलं 'कापसाचं सेसा १' आणि पाठ्यपुस्तकातलं 'सेसा १' एकच समजून प्रायमर (जनुकाचा हवा तो भाग पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे) बनवलेली मुलं मी पाहिली आहेत. सहा महिने गेले. नावावर जाऊ नका. अरॅबिडॉप्सिसची सगळी दहा आणि कापसातली सापडलेली सगळी प्रथिनं एकत्र घेऊन वंशवृक्ष काढा आणि तुमचं जनुक कुणाच्या फांदीवर बसतं ते बघा. मेगा हे मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी पुरतं.

प्रायमर करताना जनुकाच्या शेवटच्या, प्रथिनात न उतरणाऱ्या भागाकडे सरका. कुळातल्या भावंडांमध्ये मधला भाग सारखा असतो, शेपटीकडे फरक सापडतो. तुकडा १०० ते २०० अक्षरांचा ठेवा. अमेरिकन कापूसच घेतला असेल तर दोन्ही जुळ्या प्रती समोरासमोर ठेवून प्रायमरचं शेवटचं अक्षर फरकाच्या जागी येईल असं बघा.

पायरी ५: आरएनए

इथून पुढे घर संपतं. पाषाण, गणेशखिंड, शिवाजीनगर या पट्ट्यात वनस्पतिशास्त्राच्या आणि शेतीच्या संशोधनाच्या पुष्कळ जागा आहेत. ओळखीपेक्षा नीट लिहिलेली एक पानी योजना आणि वरचा लांबीचा आलेख घेऊन गेलात तर दार लवकर उघडतं.

आता हवाय तो आरएनए, म्हणजे जनुकाचा संदेश. बोंड तोडल्यापासून द्रव नायट्रोजनमध्ये पडेपर्यंतचा वेळ मिनिटांत मोजा. शून्य दिवसाला तंतू वेगळा काढता येत नाही, तेव्हा अख्खी बीजांडं घ्या आणि तसं लिहा. पाचव्या दिवसानंतर गोठलेल्या बीजांडांसोबत काचेचे मणी घालून हलवलं की तंतू मोडून सुटे होतात. कापसात टॅनिनं आणि चिकट शर्करा भरपूर. साध्या पद्धतीनं काढलेला आरएनए चहाच्या रंगाचा येतो आणि त्यावर पुढचं एकही एन्झाइम चालत नाही. गरम सीटॅब, त्यात पीव्हीपी आणि बीटा-मरकॅप्टोइथेनॉल, शेवटी लिथियम क्लोराइड, ही जुनी वाट मला अजून तयार किटपेक्षा भरवशाची वाटते. प्रकाश शोषणाचं २६०/२८० गुणोत्तर दोनच्या जवळ आलं म्हणून खूश होऊ नका, २६०/२३० बघा. शर्करा आणि फिनॉलं तिथे पकडली जातात. पंचविसाव्या दिवसानंतर आरएनए कमी निघतो. तो दोष तुमचा नाही. तोवर पेशीत भिंतच जास्त आणि बाकी ऐवज थोडा.

पायरी ६: मोजणी आणि अर्थ

क्यूपीसीआरमध्ये (जनुकाच्या संदेशाचं प्रमाण मोजायच्या पद्धतीत) संदर्भ जनुक, म्हणजे ज्याच्याशी बाकीची ताडायची ते स्थिर जनुक, एक घेऊ नका, दोन घ्या. कापसात युबिक्विटिन, हिस्टोन ३, ईएफ-१ अल्फा यांतली जोडी वापरतात. ती तुमच्या सहाही दिवसांत स्थिर आहेत हे आधी दाखवा. प्रायमरची कार्यक्षमता ९० ते ११० टक्के, वितळण्याच्या आलेखात एकच शिखर. एवढं झालं की बाकी हिशेब स्प्रेडशीटचा.

अपेक्षा अशी ठेवा: एक्सपान्सिन आणि तंतूतले प्रमुख एक्सटीएच पाच ते पंधरा दिवसांत वर, दुसऱ्या भिंतीचे सेसा पंधरानंतर चढत वीस-पंचविसाला शिखरावर. तुमचा सेसा पाचव्या दिवशीच शिखरावर दिसला तर शोध लागला म्हणून नाचण्याआधी वंशवृक्ष परत काढा. बहुधा प्राथमिक भिंतीचं भावंड हाती लागलंय.

आणि आरएनए म्हणजे एन्झाइमचं काम नव्हे. जनुकाचा संदेश आहे, प्रथिन आहे, तरी भिंतीतला आम्ल-अल्कपणा जुळत नसेल तर ते स्वस्थ बसून राहतं. म्हणून निदान एका एन्झाइमची प्रत्यक्ष क्रिया मोजा. त्यासाठी कॉलेजला परवडणारी एक छान चाचणी आहे, पेक्टिन मिथाइलएस्टरेजची. भरपूर मिथाइल गट असलेलं लिंबूवर्गीय पेक्टिन थोड्या प्रमाणात घालून अ‍ॅगरोजचा थर ओता आणि त्यात गोल खळगे पाडा. हे एन्झाइम भिंतीला धरून बसतं, म्हणून तंतू एक मोलर मिठाच्या द्रावणात वाटून त्याचा अर्क काढा, सगळ्या नमुन्यांत प्रथिन समान ठेवा आणि खळग्यात भरा. रात्रभर उबवा, मग रुथेनियम रेड ओतून धुवा. एन्झाइम जिथवर पोचलं तिथवर गडद लाल वर्तुळ उठतं. वर्तुळाचा व्यास क्रियेच्या लॉगच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे दुप्पट व्यास म्हणजे दुप्पट एन्झाइम असं लिहू नका. एका खळग्यात उकळलेला अर्क ठेवा. तिथेही वर्तुळ दिसलं तर सगळं परत.

जनुक बंद करून पाहायचं असेल तर तो विषय पीएचडीचा आहे आणि संस्थेच्या जैवसुरक्षा समितीच्या परवानगीशिवाय सुरू होत नाही. २०२२ मध्ये बाहेरचं डीएनए न उरणाऱ्या काही जीनोम संपादनांना नियमांत सूट मिळाली, पण ती गच्चीवरच्या कुंडीसाठी नाही.

आता कॅलेंडर काढा. जूनच्या मध्याला पेरणी, पहिली फुलं ऑगस्टच्या उत्तरार्धात, विसाव्या-पंचविसाव्या दिवसाचे नमुने सप्टेंबरात. म्हणजे बहुतेक वर्षी हे सगळं गणपतीच्या आगेमागे येतं. विसर्जनाच्या दिवशी पेठांतले रस्ते बंद असतात, लॅब बंद असते आणि द्रव नायट्रोजनचं पिंप कुणी पोचवत नाही. तेव्हा पहिलं फूल उमलायच्या आधीच अनंत चतुर्दशीला गोल करा आणि ज्या फुलांचा पंधरावा, विसावा किंवा पंचविसावा दिवस तिथे पडतोय, त्यांना लोकर बांधूच नका.